साक्षीदारांना न दिसलेलं प्रेम

अभिषेक चौबे यांचा ‘डेढ इश्किया’ 10 जानेवारी 2014 रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याची ओळख दोन प्रकारे करून दिली जात होती. एक तर तो 2010 च्या ‘इश्किया’चा पुढचा भाग होता, म्हणजे खालूजान आणि बब्बन या दोन भुरट्या चोरांची नवी करामत. शिवाय बऱ्याच काळानंतर माधुरी दीक्षित मोठ्या भूमिकेत दिसणार होती. दोन्ही ओळखी खऱ्या होत्या आणि दोन्ही दिशाभूल करणाऱ्या होत्या. उत्तर प्रदेशातल्या महमूदाबादच्या हवेलीत विधवा बेगम पारा मुशायरा भरवते. जो शायर तिचं मन जिंकेल त्याच्याशी ती निकाह लावणार, आणि तोच पुढचा नवाब होणार. नसीरुद्दीन शहांचा खालूजान नवाबाचं सोंग घेऊन या स्वयंवराला येतो. अर्शद वारसीचा बब्बन त्याच्या मागोमाग पोचतो आणि हुमा कुरेशीने केलेल्या मुनियावर, बेगमच्या सोबतिणीवर, भाळतो. विजय राजचा जान मोहम्मद हा राजकारणात मुरलेला गुंड. त्याला नवाबी हवी आहे, पण शेर रचता येत नाहीत, म्हणून त्याने एका शायरालाच पळवून आणून कोंडून ठेवलं आहे. अर्ध्याहून अधिक चित्रपटभर आपण या पुरुषांपैकी कुणाचं जमणार याची वाट पाहत बसतो. मग उलगडत जातं की मुशायऱ्यामागचा आणि अपहरणामागचा बेत बेगम आणि मुनिया यांचा आहे. खंडणीची रक्कम घेऊन दोघींना इथून दूर जायचं आहे आणि एकत्र राहायचं आहे. ज्या प्रेमकथेसाठी हा सारा पसारा मांडला गेला ती या दोन बायकांची आहे, आणि पुरुषांच्या दोन्ही प्रेमकथा म्हणजे तिच्यासाठी लावलेला गळ आहे.

या चित्रपटाविषयी सर्वांत जास्त केली जाणारी तक्रार अशी, की ही गोष्ट त्याने सांगायची तेवढी ठळकपणे सांगितली नाही. दोघींमधलं नातं एका सावलीत, एका हसण्यात, एका संदर्भात उरकलं. ज्यांना कळलं त्यांना कळलं, बाकीचे गाणी गुणगुणत घरी गेले. आधी या तक्रारीचाच विचार करायला हवा, कारण ती मान्य केली तर ‘डेढ इश्किया’ हा हातचं राखून बोलणारा, दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा चित्रपट ठरतो. माझं म्हणणं उलट आहे. इथला आडोसा हा कथेचा कणा आहे. दोन बायकांचं प्रेम समोर असूनही ते न दिसणारी नजर कशी घडते, हाच या चित्रपटाचा विषय आहे, आणि तो विषय सांगण्यासाठी त्याने प्रेक्षकालाच त्या नजरेत उभं केलं आहे. ठकवणुकीच्या कथेत कुणीतरी सावज लागतं. इथे खालूजान आणि बब्बन ही दिसणारी सावजं आहेत. न दिसणारं सावज तिकीट काढून खुर्चीत बसलेलं आहे.

पुरावा शोधायचा तर तो चित्रपटाने स्वतःच हातात ठेवला आहे. एका प्रसंगात दोघे चोर थंडीत बांधून पडलेले आहेत आणि समोरच्या भिंतीवर बेगम आणि मुनिया यांच्या सावल्या हसत-खिदळत एकमेकींत मिसळतात. खालूजान त्या सावल्या पाहतो आणि बब्बनला लिहाफ, म्हणजे दुलई, मागून घ्यायला सांगतो. ज्याने इस्मत चुगताई वाचली आहे त्याच्यासाठी या एका शब्दात सगळं आलं. तिची ‘लिहाफ’ ही कथा 1942 मध्ये लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’ या मासिकात आली. तिच्यातल्या बेगम जानला तिच्या नवाबाने लग्न करून घरात आणून सोडून दिलं आहे, कारण त्याचा जीव कोवळ्या, गोऱ्या, बारीक कमरेच्या पोरांमध्ये आहे. सुकत चाललेल्या बेगमला तिची मालीशवाली रब्बू सावरते. रात्री दुलईखाली काय चालतं याची साक्षीदार आहे एक लहान मुलगी, जिला भिंतीवर डोलणाऱ्या दुलईच्या सावलीत हत्ती दिसतो. मुलगी भिते, पण तिला समजत नाही, आणि तिला समजत नसल्यामुळेच वाचकाला समजतं. चुगताईंवर अश्लीलतेचा खटला झाला. त्या मुंबईहून लाहोरला गेल्या. ‘बू’ या कथेसाठी मंटोही तिथे आरोपी होता. न्यायालयात फिर्यादी पक्षाला कथेतला एकही अश्लील शब्द बोटाने दाखवता आला नाही, आणि खटला कोसळला. कथेतली मुलगी आणि फिर्यादी पक्ष या दोघांची अवस्था एकच आहे हे माझ्या मते चुगताईंच्या कलेचं सर्वांत खोडकर यश आहे. काहीतरी आहे हे दोघांनाही जाणवतं, पण कशावर बोट ठेवायचं ते कळत नाही.

‘डेढ इश्किया’ने चुगताईंकडून नवाबी घर घेतलं, बायकांमध्ये रस नसलेला नवाब घेतला, भिंतीवरची सावली घेतली आणि दुलई घेतली. पण साक्षीदार बदलला, आणि चित्रपटाची सगळी हुशारी या बदलात आहे. अजाण मुलीच्या जागी त्याने मुरलेले पुरुष ठेवले. खालूजानला इश्काच्या सात पायऱ्या पाठ आहेत. दिलकशीपासून मौतपर्यंत तो त्या सराईतपणे मोजून दाखवतो. ज्याला प्रेमाचं सगळं शास्त्र येतं त्याला हाताच्या अंतरावरचं प्रेम इतका वेळ दिसू नये, ही चुगताईंच्या मुलीच्या अज्ञानापेक्षा कितीतरी बोचरी गोष्ट आहे. मुलीला ज्ञान नव्हतं. खालूजानचं ज्ञानच आड येतं. तरी पटकथेचा न्याय असा की सावली पाहताच तो ओळखतो, कारण तो वाचलेला माणूस आहे. बब्बनचं तसं नाही. मुनियाने त्याच्याशी शय्यासोबत केली आहे, तेव्हा ती आपलीच आहे, असा त्याचा सरळ हिशेब आहे. प्रेक्षकांमध्ये खालूजान कमी आणि बब्बन जास्त असतात, याची दिग्दर्शकाला पुरेपूर कल्पना होती. माधुरी दीक्षितची निवडही याच डावातली आहे. ‘हम आपके हैं कौन’पासून दोन दशकं जिच्या चेहऱ्यावर नायकासाठीची ओढ वाचायची सवय लागली, तिच्या बेगम पाराकडे पाहतानाही प्रेक्षक नायक शोधणार, हे गृहीत धरूनच डाव मांडलेला आहे.

ही न दिसण्याची परंपरा जुनी आहे आणि ती फक्त चित्रपटातली नाही. इस्लामी न्यायशास्त्रात स्त्री-स्त्री संबंधांना सिहाक म्हणतात. अभिजात फकीहांनी ते पाप मानलं, पण व्यभिचाराला असलेली ‘हद्द’, म्हणजे ठरलेली शिक्षा, त्याला लावली नाही. ते काझीच्या मर्जीवरच्या ‘ताझीर’वर सोडलं, कारण व्यभिचाराची त्यांची व्याख्या पुरुषाच्या कृतीवर उभी होती. इंग्रजांनी 1860 मध्ये आणलेल्या भारतीय दंडसंहितेचं 377 वं कलमही नेमक्या त्याच कृतीच्या मोजपट्टीने गुन्हा मोजत होतं. धर्मशास्त्र आणि वसाहतीचा कायदा, दोघांच्याही डोळ्यांना बाईचं बाईवरचं प्रेम धड गुन्हा म्हणूनसुद्धा दिसलं नाही. याचा अर्थ त्या बायका सुरक्षित होत्या असा मुळीच नाही. त्यांच्यावरचा जाच कायद्याच्या पुस्तकाबाहेर, घराच्या आत होत राहिला. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या महिनाभर आधी, 11 डिसेंबर 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने 377 वं कलम पुन्हा जिवंत केलं होतं. चित्रीकरण त्याआधीच पूर्ण झालेलं असल्यामुळे हा चित्रपट त्या निकालाला दिलेलं उत्तर नव्हे. पण प्रेक्षागृहात जे बसले ते त्या निकालाच्या सावटाखाली बसले होते, आणि पडद्यावर मात्र कुणाच्याही परवानगीची वाट न पाहणाऱ्या दोन बायका होत्या.

आता मुसलमान घराचं काय, हा प्रश्न. याला एक अप्रिय पार्श्वभूमी आहे आणि ती थेट मुंबईची आहे. दीपा मेहतांचा ‘फायर’ 1998 च्या नोव्हेंबरात भारतात लागला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी मुंबईतली चित्रपटगृहं फोडली. आक्षेप नावांवरही होता. नायिका राधा आणि सीता होत्या. हिंदी आवृत्तीत सेन्सॉरने सीतेची नीता आधीच करून घेतली होती. या नावांऐवजी शबाना, सायरा अशी नावं का ठेवली नाहीत, असा सवाल बाळासाहेब ठाकरे यांनी केल्याचं तेव्हा छापून आलं. तेव्हा एखाद्याने म्हणावं, की सोळा वर्षांनी चौबे यांनी तो सल्लाच मानला; नावं पारा आणि मुनिया ठेवली, घर मुसलमानाचं घेतलं, आणि कुठे काच फुटली नाही. आक्षेप वजनदार आहे. बहुसंख्याकांच्या दृष्टीने जे ‘त्यांच्यात चालतं’ ते दाखवायला धाडस लागत नाही, आणि अल्पसंख्याकांच्या अंतःपुराकडे पडद्याच्या फटीतून पाहण्याची चटक तर फार जुनी आहे.

तरीही हा आक्षेप इथे पूर्णपणे लागू पडत नाही, कारण ‘डेढ इश्किया’ने हे घर आडोसा म्हणून भाड्याने घेतलेलं नाही. उर्दूच्या ज्या मुलखात तो घडतो तिथे या प्रेमाला स्वतःचं वाङ्मय होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला सआदत यार खान ‘रंगीन’ आणि इन्शा यांनी रेख्ती नावाचा काव्यप्रकार रुळवला. जनान्यातली बोली, बायकांच्या तोंडचं निवेदन, सवतीमत्सर, कपडे, दागिने आणि त्याबरोबर बायकांचं बायकांवरचं प्रेम हे त्याचे विषय. प्रेयसीसाठी दुगाना, जनाखी असे खास शब्द त्यात सर्रास येतात. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकी वाऱ्यात रेख्ती अश्लील ठरली आणि साहित्याच्या इतिहासांतून जवळजवळ गाळली गेली. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी 2000 साली आणलेल्या संकलनानंतर तिच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. पण रेख्तीत एक गोम आहे, आणि तीच मला महत्त्वाची वाटते. ती लिहिणारे बहुतेक सगळे पुरुष होते. भर मुशायऱ्यात एक पुरुष बाईच्या आवाजात बायकांचं प्रेम सांगायचा आणि बाकीचे पुरुष दाद द्यायचे. ‘डेढ इश्किया’तल्या मुशायऱ्यात मांडणी फिरली आहे. पुरुष पुरुषांच्याच आवाजात शेर म्हणतात आणि परीक्षक म्हणून समोर दोन बायका आहेत, ज्यांचं शायरीपेक्षा वऱ्हाडाच्या तिजोरीकडे जास्त लक्ष आहे. रेख्तीवर इतकी नेमकी टीका कुठल्या अभ्यासकाच्या निबंधातही मला आढळलेली नाही, मग ती चित्रपटकर्त्यांनी जाणून केलेली असो वा नसो.

हिंदी चित्रपटातही या घराची एक ठरीव रूपरेषा होतीच. ‘चौदहवीं का चाँद’ (1960), ‘मेरे महबूब’ (1963) अशा, ज्यांना मुस्लिम सोशल म्हणण्याचा प्रघात होता त्या चित्रपटांची गोष्ट बहुतेकदा बुरख्यावर हलायची. पाहिली एक, समजली दुसरी, आणि या चुकीवर मैत्री, त्याग, निकाह सगळं बेतलेलं. म्हणजे पुरुषाच्या नजरेचा गोंधळ हे या चित्रप्रकाराचं इंजिन होतं, फक्त तो गोंधळ शेवटी दूर व्हायचा आणि योग्य पुरुषाला योग्य बाई मिळायची. कमाल अमरोहींच्या ‘रझिया सुलतान’मध्ये (1983) एका गाण्यात हेमा मालिनी आणि परवीन बाबी यांच्या चेहऱ्यांपुढे पिसाचा आडोसा येतो, आणि त्या पिसामागे काय घडलं यावर आजही चर्चा चालते. चौबे यांनी हाच जुना चित्रप्रकार घेतला आणि त्यातला बुरखाच काढून टाकला. बेगम पारा उघड्या चेहऱ्याने भर सभेत बसते, मुनिया बाजारात हिंडते. सगळं उघड आहे, तरी गोंधळ कायम आहे. तेव्हा दोष कापडाचा नव्हता हे आपोआप सिद्ध होतं.

तरी एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. नवाबाची हवेली म्हणजे मुसलमान समाज नव्हे. अन्सारी विणकरांच्या मोहल्ल्यात, कुरेशी खाटकांच्या गल्लीत, भिवंडीतल्या यंत्रमागांच्या चाळीत दोन बायकांनी एकमेकींवर जीव जडवला तर त्यांना ना हवेली मिळेल ना मुशायरा. हिंदी चित्रपटाला मुसलमान दिसतो तो एक तर शेरवानीत, नाही तर चकमकीत. आणि शेरवानीतल्याचं दुःख सुगंधी असतं. 2022 च्या मे महिन्यात केरळ उच्च न्यायालयाने मुसलमान घरांतल्या दोन तरुण मुलींना, घरच्यांनी त्यांची ताटातूट केल्यावर, एकत्र राहण्याची मुभा दिली. त्यांच्या अडचणींचं कुठलंही प्रतिबिंब महमूदाबादच्या झुंबरांत शोधू नये. ‘डेढ इश्किया’ला समाजाचं चित्र म्हणून पाहणाऱ्याची निराशा होईल, आणि ती रास्त असेल. तो एका वाङ्मयीन घराचा चित्रपट आहे. त्या घरात आधी कोण राहून गेलं हे त्याला ठाऊक आहे, एवढंच त्याचं श्रेय. मी ते थोडं मानत नाही, पण त्याहून जास्तही मागत नाही.

याहून अडचणीचा आक्षेप वेगळा आहे. बेगमचा नवाब बायकांकडे न वळणारा, शिवाय इस्टेट उधळून गेलेला. मग तिचं मुनियाशी असलेलं नातं म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बाईने शोधलेला विरंगुळा, असं सुचवलं जात नाही का? ‘लिहाफ’मध्ये हे सुचवलं जातं, यात शंका नाही. तिथे भूक आहे, तिच्यातून आलेली उधारीची सोय आहे, आणि ती भूक शेवटी त्या लहान मुलीच्या अंगालाही झोंबते. म्हणूनच ‘लिहाफ’ला प्रेमकथा म्हणणं मला कधीच पटलेलं नाही, ती कोंडमाऱ्याची कथा आहे आणि त्या अर्थाने थोर आहे. शिवाय रब्बू नोकर आहे, तिच्या इच्छेला कथेत फारसा थारा नाही. ‘डेढ इश्किया’ कारण तेच ठेवतो, पण पुढचं पाऊल बदलतो. नवाब मेल्यानंतर बेगमपुढे एक सोडून अनेक पुरुष रांगेत उभे आहेत. त्यांपैकी खालूजान तर रसिक आहे, हळवा आहे, तिच्या नृत्यावर जीव टाकणारा आहे. आपल्यालाही वाटत राहतं की हिने याला हो म्हणावं. विरंगुळाच हवा असता तर तो दारात उभा होता. ती नकार देते, आणि तोही त्याला तुच्छ न लेखता देते. नवऱ्याच्या उणिवेने नात्याला जागा करून दिली असेल, पण भरलेल्या दारातून परत मुनियाकडे वळणं ही निवड आहे. मुनियाही रब्बू नव्हे. बेत तिच्या डोक्यातून चालतो, बंदूक ती हाताळते, बब्बनला गुंडाळायचं कामही तीच करते. मालकीण आणि सोबतीण यांच्यातली उतरंड पुरती पुसलेली नाही, पण ती उलटीपालटी नक्की झाली आहे.

काहींचं म्हणणं याच्या दुसऱ्या टोकाचं असतं. दोघी जिवलग मैत्रिणी आहेत, उगीच नसतं ते कशाला पाहायचं? या म्हणण्याला उत्तर देण्याची गरज मला फारशी वाटत नाही. एक स्त्री आणि एक पुरुष पैसे जमवून, खोटं लग्न लावून, जीव धोक्यात घालून एकत्र राहण्यासाठी पळाले असते, तर त्यांना कुणी जिवलग मित्र म्हटलं नसतं.

मराठी वाचकाला या साक्षीदाराच्या प्रश्नाची एक जवळची वाट आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आलं. मित्रा नावाच्या तरुणीचं नमा या दुसऱ्या तरुणीवर असलेलं प्रेम तिथे आपल्याला बापू सांगतो. बापू सज्जन आहे, मित्राच्या प्रेमात आहे आणि तिला समजून घेण्याची पराकाष्ठा करतो, पण गोष्ट त्याच्या हातात आहे आणि ती मित्राच्या आत्महत्येकडे जाते. तेंडुलकरांनी हे डोळसपणे केलं. समजून घेणाऱ्या पुरुषाचं समजणं कुठवर पुरतं याचाच तो शोध आहे. काळही वेगळा होता. बापूशेजारी खालूजानला उभं केलं की फरक दिसतो. खालूजानला समजतं ते उशिरा, आणि समजल्यावर त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं, गोष्टसुद्धा नाही. बायका जगतात, एकत्र राहतात, आणि निवेदन करायला मागे कुणी उरत नाही.

2019 मध्ये शेली चोप्रा धर यांचा ‘एक लड़की को देखा तो ऐसा लगा’ आला तेव्हा 377 वं कलम जाऊन काही महिनेच झाले होते, आणि अखेर मोठ्या नटांच्या हिंदी चित्रपटाने हे प्रेम स्पष्ट शब्दांत मांडलं. ज्यांना ‘डेढ इश्किया’चा आडोसा खटकला होता त्यांना हवा होता तो हाच चित्रपट. त्याचं स्वागत झालं ते योग्यच झालं. पण त्याची रचना पाहा. पंजाबातल्या घराला आधी भीती वाटते ती मुलगी एका मुसलमान मुलाच्या नादी लागल्याची. तो मुलगा, साहिल मिर्झा, नाटककार आहे, आणि स्वीटीच्या प्रेमाची गोष्ट तोच नाटकात बांधून गावापुढे उभी करतो. वडिलांचं मन वळावं म्हणून सगळी धडपड आहे आणि ते वळल्याशिवाय चित्रपट संपत नाही. सगळं बोललं गेलं, पण बोलायला पुन्हा एक पुरुष लागला आणि ऐकायलाही एक पुरुष लागला. पारा आणि मुनिया यांना कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं. मन वळवणं त्यांच्या बेतात कुठेच नव्हतं. बेतात होती खंडणी, कारण डोक्यावर कर्ज होतं, हवेली आपली राहणार नव्हती, आणि दोन बायकांना परक्या गावात घर चालवायचं तर आधी पैसे लागतात.